मिनेसोटासाठी मलिदा

हाईम रोहेकरला फुटबॉलचं वेड होतं आणि विलायतेत फुटबॉल खेळला जायचा शनिवारी. इथेच घोडं पेंड खात होतं. शनिवार म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस, आणि शब्बाथला हाईम रेडिओच्या बटणालाही हात लावत नसे. एजवेअरच्या बस गराजमध्ये फिटरची नोकरी धरताना त्याने साहेबाला तेवढी एकच अट घातली होती, की शनिवारी येणार नाही, त्याबदली रविवारी सकाळी येईन. मुंबईला कुपरेजच्या मैदानावर त्याने आठवड्याच्या मधल्या वारीही घसा फोडून घेतला होता. इथे मात्र शनिवारी दुपारी गळ्यात मफलर गुंडाळून मॅचला निघालेले शेजारी त्याला खिडकीतून नुसते बघावे लागत.

१९६५च्या हिवाळ्यात एका रविवारी संध्याकाळी त्याची मुलगी जेमिमा गाणी शोधत रेडिओचा काटा फिरवत होती. पंधरा वर्षांची होती तेव्हा. जर्मनीतल्या अमेरिकन फौजेचं स्टेशन लागलं आणि कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडताना ऐकू आलं. हाईमने विचारलं, हे काय आहे. जेमिमाने कान देऊन सांगितलं, फुटबॉल. मग बॉल हातात धरून पळतात त्याला फुटबॉल म्हणायचं कसं, यावर बापलेकीचा तासभर वाद झाला आणि तेवढ्यात मॅच संपली. पण खेळ रविवारचा होता. हाईमला आणखी काय हवं होतं?

दोघांनी तो खेळ नुसता ऐकून ऐकून शिकून घेतला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल दुसऱ्यांना द्यायचा, एवढं कळायला त्यांना एक अख्खा सीझन लागला. हाईमने संघ निवडला मिनेसोटाचा. तिथे म्हणे बर्फ पडत असताना उघड्या मैदानात खेळतात, आणि कोच असा खमक्या की बसलेल्या खेळाडूंना शेकायला हीटरसुद्धा ठेवू देत नाही. हे हाईमला फार आवडलं. पुढचा महिनाभर त्याने गराजमध्ये हीटरपासून लांब उभं राहून काम केलं आणि सर्दी ओढवून घेतली.

जेमिमाने एक वही सुरू केली. मॅचच्या आधी दोघांनी आपापला अंदाज लिहायचा, शेजारी खरा स्कोअर. हाईमचा अंदाज दर वेळी एकच, आपण जिंकणार. जेमिमा तिला खरं वाटेल ते लिहायची आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर यायचं. दर रविवारी आपल्याच संघाची मॅच लागेल असंही नसे; मग दुसऱ्याच कुठल्या दोन संघांची झुंज ऐकत, मध्येच मिनेसोटाचा आकडा सांगतील म्हणून ताटकळत बसायचं. अशा वेळी हाईमने उजवा हात वर केला की घरात कुणी ब्र काढायचा नाही. त्याची बायको एलिशेबा तर म्हणायची की इजिप्तच्या समुद्रापुढे मोशेने उचलला नसेल एवढ्या वेळा या माणसाने रेडिओपुढे हात उचललाय. जेमिमा हसायची, पण हात वर गेला की तीसुद्धा गप्प बसायची.

मग ती नर्सिंगला नॉटिंगहॅमला गेली आणि १९७१ साली तिने तिथल्याच एका इंग्रज मुलाशी, केनेथशी, रजिस्टर लग्न केलं. हाईम आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता. त्याने तिला फोनवर एवढंच सांगितलं की यापुढे फोन केलास तर आईसाठी कर. त्यानंतर तो फोनपाशी गेला नाही. जावयाचं नाव त्याने तोंडातून काढलं नाही. काढायची वेळ आली तर ‘तो’ म्हणायचा. राग केव्हाच ओसरला होता, उरला होता तो नुसता हट्ट. हीटर बंद करून कुडकुडत बसण्यात मोठं शौर्य आहे असं त्याला वाटे, आणि असं वाटणाऱ्या माणसाला कोण काय सांगणार?

१९७३चा सीझन आला तो सोन्याचा. मिनेसोटाने ओळीने नऊ मॅच जिंकल्या. प्रार्थनेला भेटणाऱ्या योनामामांना हा खेळ काय, मिनेसोटा कुठे, काही ठाऊक नव्हतं, पण हाईमचं तोंड बघून तेही विचारू लागले, काय, जिंकलो का. मग नोव्हेंबरात पहिली हार झाली. डिसेंबरात तर सत्तावीस-शून्य असं नाक कापलं गेलं, आणि हाईम दोन दिवस धड जेवला नाही. कसंबसं सावरून संघ बाद फेरीत पोचला. ती मॅच नेमकी शनिवारी, बावीस डिसेंबरला आली. पण इंग्लंडातला हिवाळा अशा वेळी उपयोगी पडतो. शब्बाथ पावणेपाचलाच सुटला आणि मॅच होती सहाला.

सकाळी टपालाने जेमिमाचं पत्र आलं होतं. एलिशेबाने ते दिवसभर न फोडता कपाटावर ठेवलं आणि शब्बाथ सुटल्याबरोबर उघडलं. पत्र वाचून ती खुर्चीत बसली. जेमिमाला दिवस गेले होते, आणि जानेवारीच्या सोळा तारखेला ती दोघं ऑस्ट्रेलियाला निघाली होती, पर्थला, कायमची. एलिशेबाने हे हाईमला दोनदा सांगितलं. सहा वाजता त्याने रेडिओ लावला.

हाफटाइमला मिनेसोटा मागे होतं. एलिशेबा स्वयंपाकघरात होती. हाईम रेडिओला चिकटून बसला होता, आणि त्याच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, “एलियाहू हन्नाबी, एवढं तारून ने, मलिदा करीन.”

त्या वेळी त्या तोंडात मुलगी यायला हवी होती. आला संघ.

संघ तरला. सत्तावीस-वीस. आणि मग हाईमला घाम फुटला. एलियाहू प्रेषिताच्या नावाने बोललेला नवस म्हणजे काही पोरखेळ नव्हे. पोर जगावं, आजारी माणूस उठावा, प्रवासाला गेलेला सुखरूप परत यावा, यासाठी आपल्या लोकांत मलिदा करतात, गोड पोहे आणि फळं मांडून दहा पुरुषांनी म्हणायची प्रार्थना. बॉलसाठी कुणी केल्याचं त्याच्या ऐकण्यात नव्हतं. पण बोलला तर होता, आणि बोललेलं फेडायला हवं होतं. त्याने स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बायकोला सांगितलं की मलिदा करावा लागेल.

एलिशेबा हात पुसत वळली. “मी ऐकलं तुम्ही बोललात ते,” ती म्हणाली. “जेमिमासाठीच ना?”

तिचे डोळे डबडबले होते. दोन वर्षांत तिने या घरात एकटीने काय सोसलं होतं ते त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. हाईम नुसता उभा राहिला. नाही म्हणायला जीभ उचलली नाही आणि हो म्हणायचा धीर झाला नाही. एलिशेबाने त्या गप्प राहण्याचा अर्थ हो असा घेतला. दुसऱ्या दिवशी तिने मुलीला चार पानी पत्र लिहिलं.

मलिदा ठरला रविवारी, तेरा जानेवारीला. मधली एक मॅच जिंकून मिनेसोटा अंतिम सामन्यात पोचलं, आणि तो सामनाही त्याच संध्याकाळी साडेसातला होता, मायामीशी. दिवस तेव्हा वाईट होते. कोळसा खाणकामगारांच्या भांडणापायी कारखाने आठवड्याला तीनच दिवस चालत, सरकार सांगत होतं एकाच खोलीत दिवा लावा. पण एलिशेबाने कुठून कुठून पोहे पैदा केले, टूटिंगहून खरे नारळ मागवले, खजूर, केळी, संत्री अशी पाच फळं मांडली, पोह्यांच्या ढिगावर गुलाब खोवला. दहा पुरुष जमले. आणि दुपारी तीनच्या सुमाराला बेल वाजली, तर दारात जेमिमा. एकटीच होती. केनेथ तिला कोपऱ्यावर सोडून हॅरोला मित्राकडे गेला होता. रात्री नऊला न्यायला येणार होता.

हाईम तिला म्हणाला, “ये.” दोन वर्षांनंतर मुलीशी बोललेला हा पहिला शब्द.

योनामामांनी प्रार्थना म्हटली आणि तिच्यात जेमिमाचं नाव घेतलं, पोटातल्या बाळाला आशीर्वाद दिला, समुद्रापलीकडे तिला सांभाळ म्हणाले. दहा जण आमेन म्हणाले. हाईमही म्हणाला, पण त्याला वर बघवेना. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बायका जेमिमाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, बापाचं मन शेवटी बापाचंच म्हणत होत्या, आणि एलिशेबा सगळ्यांना मलिदा वाढत हसत होती.

सगळे गेल्यावर साडेसातला हाईमने रेडिओ लावला. जेमिमा आपण होऊन शेजारी येऊन बसली.

“तुमची वही आहे अजून?” तिने विचारलं.

त्याने वही दिली. जेमिमा लग्न होऊन गेल्यावरही त्याने दर आठवड्याला लिहिलं होतं. वेडंवाकडं, गराजच्या काळ्या बोटांचे डाग पाडत. आणि प्रत्येक मॅचपुढे तिच्या अंदाजाची जागा कोरी सोडली होती. जेमिमा पानं उलटत राहिली. मग तिने पेन्सिल घेतली आणि शेवटच्या ओळीत आपल्या जागी लिहिलं, मायामी. तिला खरं वाटलं ते.

तसंच झालं. पहिल्या अर्ध्या तासात सतरा-शून्य. पण त्या खोलीत हाईमला बरं वाटत होतं, हरतानासुद्धा. बऱ्याच वेळाने जेमिमा हळूच म्हणाली, “आईने लिहिलं, शब्बाथ सुटला, तुम्ही रेडिओजवळ होता, तेव्हा नवस बोललात. हाफटाइमला ना, पपा? I was listening too.”

हाईमने मान खाली घातली.

“मी रागवले नाही,” ती म्हणाली. “तरी आले. कारण मला तुम्हाला एक—”

हाफटाइमला मिनिट उरलं होतं आणि मिनेसोटा मायामीच्या दाराशी येऊन ठेपलं होतं. चौथा प्रयत्न. एकच यार्ड हवं होतं.

हाईमचा उजवा हात वर गेला.

त्याने तो मुद्दाम उचलला नाही. नऊ वर्षांची सवय होती. जेमिमा गप्प झाली, पूर्वी व्हायची तशीच. मैदानावर बॉल हातातून निसटला, रेडिओवरचा माणूस ओरडला, मग स्टेशन विरत विरत नुसती खरखर उरली. हाईमने काटा सारखा करून वळून बघितलं, तेव्हा जेमिमा कोट घालत होती. बाहेर गाडी आली होती. काय म्हणत होतीस, असं तो दारापर्यंत जाताना विचारणार होता, पण एलिशेबा मुलीच्या गळ्यात पडून रडत होती आणि मलिद्याचा डबा नीट धर म्हणून सांगत होती. जेमिमाने वाकून त्याच्या हाताला, उजव्याच हाताला, ओठ लावले. आणि गेली.

तिला पर्थला मुलगा झाला. तिची पत्रं आईला येत. सप्टेंबरात नवा सीझन सुरू झाला तसं हाईमने दर सोमवारी एक एरोग्राम पाठवायला घेतलं. त्यात मिनेसोटाचा स्कोअर असे, बाकी काही नाही. दुसरं काय लिहायचं ते त्याला सुचत नव्हतं असं नाही; हात चालत नव्हता. उत्तरात आईच्या पत्राच्या खाली एक ओळ येई, ‘पपांना सांग, पुढच्या आठवड्यात हरतील.’ ती ओळ तो वहीत उतरवून घ्यायचा. रेडिओ ऐकताना आता तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे. एलिशेबाला वाटे, थंडी वाजते म्हणून. नवसाचं खरं त्याने तिला सांगितलं नाही. हे एक सुख तिच्याकडून काढून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं.

मिनेसोटा पुढच्या वर्षीही अंतिम सामन्यात हरलं, आणि ७७च्या जानेवारीत परत हरलं. त्या सोमवारी हाईमने स्कोअर लिहिला आणि पहिल्यांदा त्याखाली आणखी लिहिलं. की नवस मॅचसाठीच होता, तुझं नाव तोंडात यायला हवं होतं ते आलं नाही, त्याची मला शरम वाटते. केनेथला माझा नमस्कार सांग. आणि त्या दिवशी मी हात वर केला तेव्हा तू काय सांगणार होतीस ते मला कळव.

उत्तराला तीन आठवडे लागले. या वेळी पाकिटावर त्याचं नाव होतं. मराठी अक्षरं शाळकरी पोरीसारखी, मोठी आणि वाकडी.

‘पपा, आता मला आठवत नाही. स्कोअर पाठवत राहा.’

हाईमने ते पत्र वहीत ठेवलं. तिला आठवत होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जी पोर दोन वर्षांपूर्वीचा स्कोअर झोपेतून उठवलं तरी सांगायची, ती हे कसं विसरेल?