आज्ञापालनाचा बिल्ला

रविवारी सकाळी बालवीर दलाच्या मैदानावर चौदा मोठी माणसं आणि तीन मुलं हजर होती. दहा महिन्यांपूर्वी चित्र उलटं होतं. तेव्हा मुलं शंभरावर असायची आणि मोठी माणसं शोधून आणावी लागायची. आता नवा नियम आला होता: मुलाबरोबर मोठं माणूस एकटं असता कामा नये. नियम चांगलाच होता, पण सचिवांनी तो जरा जास्तच मनावर घेतला. मुलाबरोबर दोन मोठी माणसं, त्या दोघांवर लक्ष ठेवायला तिसरं, आणि तिसऱ्याने लक्ष ठेवलं याची सही घ्यायला चौथं. त्यामुळे तिघांतली एकुलती मुलगी पाणी प्यायला निघाली की मागे मिरवणूक लागायची. शेवटी तिने पाणी पिणंच सोडलं. उरलेले दोघे मुलगे बँडमधले होते, आणि दोघेही झांजवाले.

बिल्लेमास्तर सह्या घेणाऱ्यांत होते. व्यवसायाने ते दातांच्या कवळ्या बनवायचे. आठवडाभर लोकांच्या दातांना चकाकी द्यायची आणि रविवारी दलात मुलांच्या परीक्षा घेऊन बिल्ले वाटायचे, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. गाठी मारण्याचा बिल्ला, पोहण्याचा, प्रथमोपचाराचा, आणि सगळ्यांत मानाचा म्हणजे आज्ञापालनाचा.

झालं होतं ते असं. लहानपणी दलात असलेल्या चार तरुणांनी पोलिसांत तक्रार दिली की शिबिरांमध्ये दलप्रमुखांनी आपलं लैंगिक शोषण केलं. दलप्रमुखांना अटक झाली. पालकांनी भराभर मुलं काढून घेतली. तेव्हापासून बिल्लेमास्तरांचं डोकं चक्रावलं होतं. रागावायचं तर कोणावर, हेच त्यांना ठरवता येईना. हा सगळा दलाला बदनाम करण्याचा डाव आहे, असं सचिव म्हणायचे. बिल्लेमास्तरांना ते संध्याकाळी पटायचं आणि सकाळी पटेनासं व्हायचं. त्या गोंधळात त्यांनी खालच्या कवळीला चौदाऐवजी पंधरा दात बसवले. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं नाही. चावायला बरं पडतं म्हणालं.

त्या रविवारी सचिवांनी एक निवेदन आणलं. ‘गेल्या तीस वर्षांत दलाकडे अशा स्वरूपाची एकही तक्रार आलेली नाही,’ असं त्यात होतं. खाली तेरा सह्या होत्या. चौदावी बिल्लेमास्तरांची हवी होती. बुधवारी तो कागद तपास अधिकाऱ्यांकडे आणि वर्तमानपत्रांकडे जायचा होता. चौघांची तक्रार खोटी आहे, हे लोकांना पटवायला दलाकडे दुसरं काही नव्हतंच. घरी नेऊन सही करतो, असं सांगून बिल्लेमास्तरांनी कागदाची घडी केली.

घरी त्यांची थोरली बहीण होती. ताई शाळेची व्हॅन चालवायची, आणि रोज बावीस मुलांची भांडणं एकाच आरशातून मिटवायची. जेवताना तिने निवेदन वाचलं आणि तिथेच सही का केली नाहीस, असं विचारलं.

“पेन चालत नव्हतं.”

“खिशात तीन आहेत.”

बिल्लेमास्तरांनी आमटी ढवळली. मग एकदम बांध फुटल्यासारखे बोलत सुटले. सव्वीस वर्षांत एक रविवार चुकवला नाही, किती मुलांना बुडणाऱ्याला वाचवायला शिकवलं, आणि चार जणांच्या आरोपांनी सगळं मातीत गेलं!

ताईने ताट बाजूला सारलं. “माझ्या व्हॅनचे ब्रेक लागत नाहीत, असं एखाद्या पोरानं ओरडून सांगितलं, तर ब्रेक त्यानं तोडले होय रे?”

“पण तेव्हा एकाने तरी ब्र काढायला हवा होता ना? काढला असता तर माझ्या कागदांत आला असता. मी सगळं लिहून ठेवतो.”

“मग बघू तरी.”

बिल्लेमास्तरांनी पलंगाखालून खोकी ओढली. ताईचं तोंड बंद करायला हे बरं साधन सापडलं, असं त्यांना वाटलं. तक्रार देणाऱ्या चौघांपैकी एकाने स्वतः पुढे येऊन आपलं नाव जाहीर केलं होतं. आता तो फरशा बसवण्याची कामं करायचा. दलात असताना डोक्यावरची टोपी झोपेतही काढायचा नाही, म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणायचे. टोपीचे आज्ञापालनाच्या परीक्षेचे तीन कागद निघाले, तीन वर्षांचे. बिल्लेमास्तरांना चष्मा सापडेना, म्हणून ताईनेच वाचले.

“‘शिबिरात दलप्रमुखांच्या तंबूत सामान पोचवण्याची आज्ञा दिली. नकार. कारण विचारता, मला तिथे जायचं नाही, एवढंच उत्तर. अनुत्तीर्ण.’”

दुसऱ्या वर्षीचा कागद त्याहून छोटा होता. “‘तीच आज्ञा. रडला. अनुत्तीर्ण.’”

तिसरा कागद ताईने दिव्याजवळ धरला. मग वाचला. “‘तीच आज्ञा. निमूटपणे गेला. उत्तीर्ण. अभिनंदन!’”

अक्षर बिल्लेमास्तरांचं होतं. उद्गारचिन्हही त्यांचंच, चांगलं ठसठशीत. चष्मा कपाळावरच होता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. तो त्यांनी खाली ओढला नाही.

“म्हणजे तक्रार आली नव्हती असं... तसं म्हणता येईल का, ताई?”

“आली होती. तू तिला दोनदा नापास केलंस,” ताई म्हणाली. “तिसऱ्यांदा तिनं बोलणंच सोडलं, तेव्हा तू बिल्ला दिलास.”

बिल्लेमास्तरांनी तिन्ही कागद पुन्हा वर्षांच्या क्रमाने लावले. आपल्याला काही माहीत नव्हतं, हे खरं होतं. आपण ते लिहून ठेवलं होतं, हेही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे त्यांना काही केल्या कळेना.

सोमवारी ते तिन्ही कागद घेऊन सचिवांकडे गेले. सचिवांनी ते बोटांच्या टोकांनी उचलून वाचले आणि शांतपणे समजावलं की तक्रार विहित नमुन्यातच यावी लागते. दलाने असा नमुना कधी छापलाच नाही, म्हणजे तक्रार येणं शक्यच नव्हतं, म्हणजे निवेदन शंभर टक्के खरं आहे. शिवाय हे परीक्षेचे कागद आहेत, त्यांचं काय करायचं ते परीक्षा विभागाने बघावं.

परीक्षा विभाग म्हणजे बिल्लेमास्तर एकटेच. ते खुर्चीवरून उठले.

“मग परीक्षा विभागाने तक्रार आज दाखल करून घेतली!” ते म्हणाले. “पंधरा वर्षं उशीर झालाय, पण घेतली.”

दलाच्या अब्रूचं काय, उरलेली तीन मुलंही जातील त्याचं काय, असं सचिव मागून विचारत राहिले. बिल्लेमास्तरांनी सही न करताच निवेदन टेबलावर ठेवलं आणि ते पोलीस ठाण्याच्या वाटेला लागले. आपण बरोबर करतोय की नाही, याची खात्री त्यांना वाटेतही नव्हती. दोनदा तर ते रस्ताच चुकले.

ठाण्याबाहेरच्या बाकावर, जबाबासाठी बोलावलेला टोपी बसला होता. डोक्यावर टोपी नव्हती, केस विरळ झाले होते, नखांत सिमेंट होतं. बिल्लेमास्तरांनी कागद त्याच्यापुढे धरले. त्याने तिन्ही वाचले, तिसरा दोनदा.

“माझं चुकलं रे,” बिल्लेमास्तर म्हणाले. “मी कारण विचारलं होतं, पण...”

“विचारलं होतंत, मास्तर. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तुम्ही लिहायलाही लागला होतात.” त्याने कागद परत दिले. “माफीचं आत्ता काही सांगता येत नाही. आत जाऊन सगळं सांगा. ते अभिनंदनही सांगा.”

बिल्लेमास्तर आत गेले. त्यांनी सगळं सांगितलं, अभिनंदनासकट. अधिकाऱ्याने लिहून घेताना उद्गारचिन्हही लिहायचं का, असं विचारलं. बिल्लेमास्तर म्हणाले, लिहा.

पुढच्या महिन्यात दल बंद झालं. आरोपांनी चांगली संस्था बुडवली, असं अजूनही कितीतरी जण म्हणतात. मंडळी, संस्था आरोपांनी बुडाली नाही. मुलं बोलली तेव्हा तिथल्या मोठ्या माणसांनी त्याला बेशिस्त म्हटलं, त्या दिवसापासूनच ती बुडत होती. आपण घरीदारी, शाळेत, मैदानावर मुलांना ऐकायला शिकवतो. जरूर शिकवावं. पण एखादं मूल ‘मला तिथे जायचं नाही’ म्हणालं, तर शिस्तीची परीक्षा तिथेच थांबवा, हातातलं पेन खाली ठेवा, त्याच्याजवळ बसा आणि ते बोलेपर्यंत थांबा. त्या वेळी परीक्षा मुलाची नसते, आपली असते.