पडल्यावर उठायचं कसं

मंगलच्या अंगावरनं वारं गेलं ते ऐन थंडीत, म्हशीची धार काढताना. डावा हात सडावरून घसरला, चरवी लवंडली. तिला वाटलं, म्हैसच बिथरली. म्हैस तर निवांत पेंड खात होती. आवाज ऐकून तिचा नवरा जोतीराम गोठ्यात धावला तेव्हा ती सांडलेल्या दुधात बसून स्वतःच्याच डाव्या पायाकडं बघत होती.

"आवं, ह्यो पाय कुणाचा?" तिनं विचारलं.

त्याला आधी हसू आलं. मग तिचं तोंड एका बाजूला ओघळलेलं दिसलं.

जोतीराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेला. कडेगावजवळच्या एका गावात चारी बाजूंना ऊस आणि कडेच्या आळीत त्यांचं घर. लेक राणी लग्न होऊन लांब गेलेली, घरात ही दोघंच. शेजाऱ्याच्या जीपमधून त्यानं मंगलला कराडच्या दवाखान्यात नेलं. मेंदूच्या शिरेत गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी जीव वाचवला, बोलणंही शाबूत राहिलं. पण डावा हात आणि डावा पाय जागेवर असून नसल्यासारखे झाले.

जरा सावरल्यावर तिच्या खाटेशी शिवांजली आली. फिजिओथेरपिस्ट, तिशीतली, बोलायला मोकळी.

"काकू, आज उभं राहायचं."

"पाय माझा असता तर ऱ्हायले असते की."

"मग आधी त्याची ओळख करून घेऊ." शिवांजली खाली बसली, मंगलचा डावा तळवा फरशीवर टेकवला आणि वरून गुडघा दाबला. "काही कळतंय?"

मंगल डोळे मिटून थांबली. "गार लागतंय," ती हळूच म्हणाली. त्या दोन शब्दांनी जोतीरामचा ऊर भरून आला.

पण ती उठून उभी राहिली आणि डावीकडं कलली, तसा तो झेपावला. शिवांजलीचा हात तिच्या कमरेजवळ तयारच होता, तरी त्यानं बायकोला काखेत धरून अलगद उचललं. पुढं रोज तेच होऊ लागलं. दोन दांड्यांमधून चालताना तिचा तोल जातोय न जातोय तोवर ह्याचा हात पोचलेला. दवाखान्यातल्या बायका कौतुकानं बघायच्या. नवरा असावा तर असा, म्हणायच्या.

शिवांजलीनं एकदा त्याला खिडकीशी नेलं. "काका, काकूंचा मेंदू चालणं नव्यानं शिकतोय. तोल गेला की त्याला समजतं, कुठं चुकलं. पुढच्या खेपेला तो तेवढं सुधारतो. तुम्ही चूक होऊच दिली नाही, तर तो शिकणार कशावरून?"

"आन पडली म्हंजी?"

"मी आहे की इथं."

"तुमी हितं. घरला कोण?"

प्रश्न खोटा नव्हता.

घरी आल्यावर जोतीरामनं स्वयंपाकघराचा उंबरा काढून टाकला, अंगणातले दगड वेचले. पाटा उचलून लांब ठेवला. मंगलला न्हाणीत न्यायचं, तिची वेणी घालायची, सगळं तोच करी. वेणी वाकडी व्हायची. ती आरशात बघून म्हणायची, "फौजेत हे न्हाई शिकवलं वाटतं," आणि तो पुन्हा सोडून नव्यानं घालायचा.

एके दिवशी म्हशीला बघायचं म्हणून ती हट्टानं गोठ्याकडं निघाली. जोतीराम तिचा हात धरून शेजारी होताच. तेवढ्यात राणीचा फोन आला, खिशातून तो काढायला त्यानं हात सोडला आणि मंगल बाजूला कोसळली. गाल खरचटला, कोपर सुजलं. मोडलं काही नाही. पण जोतीरामचा धीरच खचला. तिला उचलून त्यानं खाटेवर ठेवलं. "बास झालं चालणं. न्हाई चाललीस तरी चालंल मला. मी हाय की."

त्या दिवसापासून मंगल फारशी बोललीच नाही. वेणीवरूनही नाही.

पुढच्या तपासणीला शिवांजलीनं तिला उभं केलं आणि तिच्या लगेच लक्षात आलं. गुडघा परत लटपटत होता. पाऊल उचलायच्या आधीच मंगलचे डोळे जोतीरामला शोधत होते.

"काय झालं?"

"पडली," जोतीराम म्हणाला.

"मग उठल्या कशा?"

"उठती कशी? मी उचलली."

शिवांजलीनं जमिनीवर सतरंजी अंथरली. "चुकलं माझं. चालायला शिकवत बसले, पडल्यावर उठायचं कसं ते आधी दाखवायला हवं होतं. काकू, बसा खाली. काका, तुम्ही तिकडं, भिंतीला टेकून."

मंगल सतरंजीवर बसली. शिवांजलीनं एकेक गोष्ट सांगितली: चांगल्या कुशीवर वळा, हातावर रेटा, गुडघ्यांवर या, स्टूल धरा, मग चांगला पाय पुढं. सांगायला सोपं होतं. मंगल कुशीवर वळली आणि तिथंच अडकली. डावा पाय दुमडेना. साडीचा काठ टाचेखाली आला. ती धापा टाकू लागली, घामानं कुंकू ओघळलं. जोतीराम भिंत सोडून पुढं आला.

"थांबा तितंच!"

इतक्या दिवसांत मंगलचा आवाज असा चढला नव्हता.

"हिरीत पोरास्नी पवायला तुमीच शिकवलंसा न्हवं? पाठीला बांधल्याला डबा कवा सोडायचा, सांगा बघू."

जोतीराम गोंधळला. सगळ्या आळीची पोरं त्यानं पोहायला तयार केली होती. "पोरगं डब्यावर रेलाय लागलं की," तो म्हणाला.

"मग मी किती रेलायची तुमच्यावर?"

तो मागं सरला. भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राहिला. बघवेना, म्हणून मान फिरवली. ऐकवेना, म्हणून परत तिच्याकडं बघितलं. मंगलनं पुन्हा हातावर रेटा दिला. घसरली. पुन्हा दिला. कितीतरी वेळानं ती गुडघ्यांवर आली, स्टूल धरलं आणि डोलत, कण्हत उभी राहिली. शिवांजलीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं फक्त स्टूल बाजूला केलं. मंगल उभीच होती. जोतीरामच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

त्यानंतर घरातलं वागणं बदललं. शिवांजली म्हणाली होती, फरशीवरचं चालणं फरशीपुरतंच. जिथं वावरायचं तिथंच सराव करा. म्हणून मंगल अंगणात चालली, मग बोळात, मग मळ्याच्या चाकोरीवर. काठी उजव्या हातात, डाव्या पावलाला प्लास्टिकची पट्टी. एक दिवस बरा जायचा, दुसऱ्या दिवशी पाय ऐकायचाच नाही. जोतीराम शेजारून चालायचा, हात मोकळे ठेवून. ते हात कुठं ठेवावेत हे त्याला कळायचं नाही. मग तो उगाच टोपी काढायचा, घालायचा.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका दुपारी मंगलनं चप्पल घातली. "चंद्राबाईकडं जाऊन येते." चंद्राबाई तिची मैत्रीण, आळीच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी.

"चल की."

"तुमी न्हाई. मी एकली."

तो दारात उभा राहिला. ती वळणावर दिसेनाशी झाली, तरी उभाच. मग आत आला, बाहेर गेला, म्हशीला पाणी दाखवलं. म्हैस मघाशीच प्यालेली होती.

फोन वाजला. चंद्राबाईच होती.

"भावजी, तुमची मंगल माझ्या दारात पडली बघा."

त्यानं पायात चप्पल सरकवलीसुद्धा.

"आवं, आयका तरी! मी धरायला गेले तर माझ्यावरच वराडली, हात लावू नगंस म्हणून. वट्ट्याला धरून आपली आपण उठली. आता च्या पितीया. तुमी येऊ नगा म्हणतीया."

पलीकडून बायकांचं हसू ऐकू आलं. त्यात मंगलचं हसू वेगळं कळत होतं. दुखणं आल्यापासून ते असं मोकळं वाजलं नव्हतं. फोन बंद झाला तरी तो थोडा वेळ कानाला लावून बसला.

डावा हात पुढंही पुरता उघडला नाही. दमली की पाऊल आत वळायचं, आणि धार काढायचं काम जोतीरामकडंच राहिलं. पण त्या दुपारी मंगल ऊन कलल्यावर, सावकाश, पदराला माती लागलेली, परत आली. जोतीरामनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लागलं का हे विचारायचं गिळलं.

"एवढा येळ काय बोलत हुतीस गं?"

"तुमच्या मागारीचं तुमाला कशाला सांगू?" ती म्हणाली आणि काठी कोपऱ्यात उभी करून चुलीकडं गेली.