उजेडात टांगलेली पिशवी

ऐका रे मित्रांनो, मधी बोलू नका, आधी नुसतं ऐका! मी एक पिशवी आहे, प्लास्टिकची, काचेसारखी आरपार. फार जुनी न्हाय, पण जेवढं बघितलं तेवढ्यात म्हातारी झाले.

येरमाळ्यात हायवेच्या कडंला वैजनाथचं दुकान. आधी तिथं बटाटे बारदानात असायचे, मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. मग वैजनाथच्या डोक्यात आलं, गाडीतनं उतरणाऱ्या गिऱ्हाइकाला माल दिसला पाहिजे. त्यानं बटाटे धुतले, ओलेच माझ्यात भरले आणि मला अगदी पुढं, ट्यूबलाइटखाली खिळ्याला अडकवलं. लई मिरवले मी! पोरं बोट दाखवायची, बाया दाबून बघायच्या.

"पोरी, असं मिरवू नगं," कोपऱ्यातलं जुनं बारदान म्हणालं. "बटाट्याला उजेड सोसत न्हाय. हिरवा पडतो, कडू होतो. माणसाचं पोट ढवळून काढतो."

मला वाटलं, जळतंय माझ्यावर.

पण आत घाम धरला. एका बटाट्याच्या पाठीवर हिरवी सावली आली. मग शेजारच्याच्या. मग सगळ्यांच्याच. आणि ती माझ्या डोळ्यांदेखत वाढत होती!

वैजनाथची आई सिताबाई एकदा थबकली. "वैजू, हे काढून टाक की रं."

"आये, हिरवं म्हंजे ताजं. तुला काय कळतंय दुकानातलं!"

नवरात्र लागलं. येडेश्वरीला जाणाऱ्या माणसांनी रस्ता भरला. गावातलीच दैवशाला आली, नऊ दिवसांचा उपवास, पायात चप्पल न्हाय. सोबत तिची धाकटी लेक समृद्धी. तिनंही हट्टानं उपवास धरलेला, सकाळपासून पोटात नुसतं पाणी.

"दादा, जुने तर न्हाईत नव्हं?"

"बघा की ताई, कसे हिरवेगार! सालीसकट उकडा, सालीतच ताकद असती."

"आई, मला दोन मोठे," समृद्धी म्हणाली. "लई भूक लागलीय."

वैजनाथनं मला खिळ्यावरनं ओढलं, तशी माझी कड चिरली. मागनं बारदान ओरडलं, "फाट पोरी! वाटंतच फाट!" आमची बोली माणसांना कुठं ऐकू येते?

फाटणं म्हंजे आमचं मरण, मित्रांनो. फाटक्या पिशवीला कुणी घडी घालून ठेवत न्हाय. पण समृद्धीनं मला पोटाशी धरलं, आणि तिच्या पोटातली गुरगुर मला ऐकू आली. मी सगळं वजन त्या चिरेवर टाकलं. फाटले! धडाधड बटाटे रस्त्यावर. एक ट्रकच्या चाकाखाली गेला. मला वाटलं, सुटली पोर.

तर ती खाली वाकली. एकेक बटाटा उचलून फ्रॉकमध्ये गोळा केला.

"आई, एक चेंगरला, बाकी सगळे घावले!"

"शाणी गं माझी बाय!"

वाऱ्यानं मला उडवत नेलं आणि त्यांच्याच दारातल्या बाभळीत अडकवलं. इथनं त्यांची चूल दिसते. पातेल्यात पाणी खदखदतंय. समृद्धी ताटली घेऊन बसलीय. आत्ता मी जोरजोरात फडफडले, तर दैवशाला म्हणाली, "वारं सुटलं वाटतं," आणि दार लोटून घेतलं.

बटाटे अंधारात ठेवा, एवढंच सांगायचं होतं मला. तोंड न्हाय म्हणून फाटले. तुम्ही असता, तर काय केलं असतं?