गुलछडीची अर्धी भाकर

मी एक जुनी टांग्याची घोडी आहे, मित्रांनो. नाव गुलछडी. वय चोवीस, घोड्याला एवढं वय पुष्कळ झालं.

माळेगावच्या यात्रेत खाजाचाचांनी मला विकत घेतलं, तेव्हा मी चार वर्षांची होते. मुदखेड स्टेशनाबाहेर आमचा टांगा उभा असे. गाडीची शिट्टी ऐकली की चाचा लगाम सावरत आणि मी कान टवकारत असे. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी, केळीचे घड, लग्नातल्या पत्र्याच्या पेट्या, सगळं मी ओढलं. निघण्याआधी चाचा रोज आपल्यातली अर्धी भाकर मला देत. उपाशी जनावर जुंपायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

पुढे ऑटो आले. टांगा भंगारात गेला आणि मी देगलूरच्या एका वरातवाल्याकडे. तिथे झूल मिळाली, कौतुकही झालं. पण डाव्या डोळ्याशी गाठ वाढू लागली, तशी मी नवरदेवांना नकोशी झाले. एका दुपारी मला ट्रकमधून आणून अर्धापूरच्या रस्त्यावर सोडून दिलं.

सिंधुताईंनी मला आपल्या केळीच्या बागेत आसरा दिला. त्यांनी फोनवर टाकलेला माझा फोटो पाहून चाचा दुसऱ्याच दिवशी आले आणि माझ्या मानेवर हात ठेवून उभे राहिले.

उदगीरच्या जनावरांच्या डॉक्टर पुनम म्हणाल्या, गाठ काढली नाही तर आधी डोळा जाईल, मग जीव. खर्च मोठा होता. कधी कुणापुढे हात न पसरलेले चाचा बाजारात दुकानोदुकानी फिरले. सगळ्यात आधी दिलं ते ऑटोवाल्यांनी.

शस्त्रक्रियेच्या सकाळी आम्ही उदगीरला पोचलो. घोडी कालपासून उपाशी आहे ना, असं डॉक्टरांनी विचारलं. सिंधुताई हो म्हणाल्या. चाचांनी मान खाली घातली.

"निघताना अर्धी भाकर दिली मी. लांबचा पल्ला, उपाशी कशी न्यावी?"

"खाजाभाई, काल दिवसभर मी काय सांगून राहिले होते?"

"ऐकलं होतं, ताई. हातानं ऐकलं न्हाई."

भरल्या पोटी भूल देणं धोक्याचं होतं. आम्ही तसेच परतलो. लोकांनी दिलेलं टेम्पोचं भाडं वाया गेलं होतं. चाचा पुन्हा बाजारात गेले, प्रत्येकाला आपली चूक सांगितली आणि पुन्हा मागितलं. पुढच्या खेपेला ऑटोवाला रविकांत आपल्या भावाचा टेम्पो फुकट घेऊन आला.

"चाचा, या टायमाला मुसकं आणलंय," तो म्हणाला. "घोडीला न्हाई, तुमच्या हाताला."

सगळे हसले. चाचा हसले नाहीत.

त्या सकाळी मी खिंकाळले, खूर आपटले, त्यांच्या खांद्याला तोंडानं ढकललं. चाचा दोन्ही हात काखेत दाबून माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. एकदाही वळले नाहीत. भूल चढेपर्यंत मी त्यांच्यावर रुसलेली होते.

आता गाठ गेली आहे. डोळ्याला अंधुक का होईना, दिसतं. मित्रांनो, मुक्या जनावराला जीव लावा. पण त्याला काय सोसतं ते जाणकाराला विचारा, आणि ते म्हातारं झालं म्हणून रस्त्यावर सोडू नका. आणखी एक काम करा. खाजाचाचा भेटले तर त्यांना सांगा, की गुलछडीचा राग केव्हाच गेला. मला ते सांगता येत नाही.