ती असेपर्यंत

टाचणीचं डोकं निळं होतं, काचेचं, मोहरीहून जरासं मोठं, आणि ती वहीच्या शिवणीत अशी रुतून बसली होती की पान उलटताना आधी बोटाला कळलं, मग डोळ्यांना. रक्त आलं नाही. तिनं ती उपसून बाकाच्या कडेला ठेवली आणि लगेच उचलून कंपासपेटीत टाकली. कुणी बघितलं असतं तरी काय, टाचणीच तर होती. पण ती आत्याची टाचणी होती. काजं-बटणं करताना आत्या अशा पाच-सहा टाचण्या ओठांत धरून बोलायची आणि एकही खाली पडायची नाही. टेबलाच्या खणातून आली असणार वहीत. आत्याच्या टेबलाच्या... माझ्या. मी आता तिथं अभ्यास करते.

फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘समन्याय’ लिहिलेलं होतं, म्हणजे कायद्याच्या शब्दापलीकडचा, सदसद्विवेकाचा न्याय. प्राध्यापकबाईंना सर्दी झाली होती, दर दोन वाक्यांनी त्या रुमाल नाकाला लावत आणि वाक्य नेमकं जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं उचलत. बाकावरची ती मात्र या विषयात हुशार होती. छत्तिसाव्या वर्षी, सकाळी दातांच्या दवाखान्यात फोन घेऊन आणि रडणाऱ्या पोरांना खुर्चीपर्यंत नेऊन, दुपारी इथं येऊन बसायचं, आणि तरी वर्गातल्या विशीतल्या मुलांच्या पुढं. न्यास म्हणजे काय, तर वस्तू एकाच्या नावावर, पण दुसऱ्यासाठी. नाव माझं, उपभोग तुझा. पहिल्या तासाला हे ऐकलं तेव्हा तिला ते इतकं सोपं वाटलं होतं की तिनं वहीत लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं.

“एक माणूस,” बाई म्हणाल्या, “मृत्युपत्रात आपलं घर पुतण्याच्या नावावर करतो. कागद चोख. पण मरण्याआधी त्याला जवळ बोलावून सांगतो, बाबा रे, हे घर अमक्या बाईसाठी आहे, तिला राहू दे. पुतण्या हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही. गप्प बसतो. माणूस जातो. आता पुतण्या म्हणतो, घर माझं. बोला.”

तिच्या शेजारी पोस्टमास्तर बसायचे. निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून कायदा शिकायला आलेले. त्यांनी हात वर केला. “बाई, माझ्या घरी मी गप्प बसलो तर त्याचा अर्थ एवढाच की मला ऐकू आलेलं नाही.” वर्ग हसला. बाईही हसल्या आणि हसता हसता त्यांनी तिच्याकडे बोट केलं. “तुम्ही सांगा.”

ती उभी राहिली, आणि आपण काय बोलणार आहोत हे कळायच्या आत बोलायला लागली—की त्यानं कबूल केलं कुठं, शब्द दिला कुठं, मरणाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं क्रूरपणाचं म्हणून कुणी गप्प राहील, त्या एका गप्प राहण्याचा दोर करून त्याला जन्मभर बांधणं हा कसला न्याय, मनात काय होतं ते बाहेरच्यानं कसं ठरवायचं... आवाज चढला होता. पोस्टमास्तर मान वर करून तिच्याकडे बघत होते.

“छान मांडलंत,” बाई म्हणाल्या. “पण एक विसरलात. तो नाही म्हणाला असता, तर त्या माणसानं दुसरी सोय केली असती. तेवढा वेळ होता त्याला. याच्या गप्प राहण्यावर विसंबून तो निश्चिंत झाला. म्हणून इथं गप्प राहणं म्हणजे हो म्हणणंच.” आणि रुमाल नाकाला लावून त्या फळ्याकडे वळल्या.

नऊ दिवस. बाबा त्यानंतर नऊ दिवस होते.

बाबांची रुग्णालयातली खोली, खिडकीपाशी पाण्याचा जग, ती तो भरून ठेवत होती. बाबा म्हणाले, “घर तुझ्या नावावर केलंय. तुझी आत्या कागद बघितला की घाबरते, सही करताना हात लटपटतो तिचा, म्हणून. पण मागची खोली तिची. ती असेपर्यंत. कळलं ना?” मी जग खाली ठेवला. चादरीची सुरकुती सरळ केली. एवढंच. त्या नऊ दिवसांत वकील दोनदा येऊन बसून गेले, बाबांचे शाळासोबती होते ते, बुद्धिबळाचे डाव आठवून दोघं हसले, कागद मागवून बदलायला एक शब्द पुरला असता. बाबांनी तो उच्चारला नाही. रात्री त्यांना छान झोप लागायची. परिचारिकेनंसुद्धा म्हटलं होतं, तुमचे वडील किती शांत आहेत हो. आणि गेली दोन वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी काही बोललेच नव्हते. जणू ती माझी बाजू होती.

तास सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं. “मागचा निबंध तुमचा. दुसऱ्या तुकडीला वाचून दाखवला मी. सदसद्विवेकबुद्धीवर इतकं मनापासून कुणी लिहीत नाही हो.” तिचे कान तापले. तिनं “थँक्यू बाई” म्हटलं आणि जिन्यात येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मनापासून. तो निबंध तिनं त्याच टेबलावर लिहिला होता, खणात आत्याच्या बटणांच्या डब्या तशाच, कारण आत्यानं सामान नेलंच नव्हतं. दोन-तीन आठवड्यांसाठी कुणी बटणं नेतं का?

घराला रंग द्यायचाय, असं तिनं आत्याला सांगितलं होतं. वासानं तुला खोकला येईल, जरा तिकडं राहा, चांगली जागा आहे, तुझ्या वयाची माणसं आहेत. आत्यानं एक पिशवी भरली, दाराशी चपला घालताना एवढंच म्हणाली, “फिकट रंग दे गं, उजेड राहतो.” मग रंगारी पुढच्या आठवड्यावर गेला, मग परीक्षा आली, मग थंडी, मग कुणी विचारेनासं झालं. चौदा महिने. भिंतींना हातही लागलेला नव्हता. मला अभ्यासाला जागा हवी होती, हे खरं होतं. पण हेही खरं होतं की आत्याच्या गुणगुणण्याचा, तिच्या चहाच्या कपाच्या टेबलावर उठलेल्या गोल डागांचा, ती असण्याचाच मला कंटाळा आला होता, आणि हे मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

घरी न जाता ती उलट्या दिशेच्या बसमध्ये बसली.

वृद्धाश्रमाच्या दारातल्या बाईनं रजिस्टर पुढं केलं. “आज मंगळवारच्या कशा तुम्ही? बरं आहे ना सगळं?” रविवारी तासभर येणारी भाची म्हणून तिची इथं ओळख होती, चांगली भाची. कित्येकांकडे कुणी येतही नव्हतं.

आत्याच्या खोलीत दुसरी खाट निवृत्त शिक्षिकेची होती. आत्या पलंगावर पाय वर घेऊन कुणाच्या तरी स्वेटरला बटण लावत होती. “अगं चिंगे! तू?” तिचा चेहरा इतका उजळला की ही दारातच थांबली.

“या या,” शिक्षिकाबाई म्हणाल्या. “तुमचीच गोष्ट चालली होती. सांगत होत्या, तुम्ही नको नको म्हणत होतात, यांनीच हट्ट धरला इथं यायचा. एकटीनं घरात बसून काय करू म्हणे, पोरगी दिवसभर बाहेर.” आणि काठी घेऊन त्या व्हरांड्यात निघून गेल्या, दोघींना मोकळं बोलता यावं म्हणून, समजूतदारपणे.

आत्यानं वर बघितलं नाही. दोरा दातानं तोडला.

बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली होती. आत्याला काहीच ठाऊक नाही असं धरून जुळवलेली, हळूहळू उलगडत नेणारी, मध्ये बाबांचा उल्लेख, शेवटी रडू. आता त्यातलं एकही चालण्यासारखं नव्हतं.

“आत्या, रंग दिलाच नाही मी. द्यायचा नव्हताच.”

“हं,” आत्या म्हणाली. “मला वाटलंच. फुटक्या डब्याइतकासुद्धा रंग कुठं दिसला नाही घरात निघताना.” मग स्वेटर उलटा करून बघत, “दादा तुझ्याशी बोलला होता ना खोलीचं? मला म्हणाला होता, पोरीला सांगितलंय, तू काळजी करू नकोस.”

“बोलले होते.”

“हं.”

तिला वाटलं होतं की आत्या रडेल, किंवा हात झटकेल, किंवा जाऊ दे गं म्हणून डोक्यावरून हात फिरवेल. यातलं काहीही तिला पेललं असतं. आत्यानं दुसरं बटण उचललं आणि सुई उजेडाकडं धरली. एकदा, दोनदा, तीनदा दोरा सुईच्या बाजूनंच गेला. खिडकी पलंगाच्या मागं होती, आत्याची स्वतःचीच सावली तिच्या हातांवर पडत होती. वर्षभर दर रविवारी समोर बसून हे आपल्याला दिसलं कसं नाही... काय बघत होते मी? घड्याळ. आणि स्वतःला, येऊन बसलेली.

“इथं दिसतं का गं तुला?”

“दुपारी जरा दिसतं,” आत्या म्हणाली. आणि मग अगदी साध्या आवाजात, भाजी काय करायची असं विचारावं तसं, “मग? आता?”

परीक्षा सहा आठवड्यांवर आहे—हे तिच्या मनात आलं, सगळ्यांत आधी हेच आलं, लाज वाटण्याच्याही आधी, पाठोपाठ टेबल कुठं हलवता येईल हे आलं, हलवता येणार नाही हे आलं. एरवी तिनं ते चटकन दुसऱ्या कशाखाली सरकवलं असतं, त्याला बरं नाव दिलं असतं. या वेळी नाव सुचलं नाही. ते तिच्यात तसंच उघडं पडून राहिलं, आत्याच्या समोर, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहरा तापला होता, उठून जावंसं वाटत होतं, आणि तरी आत कुठलीच बाजू मांडली जात नव्हती.