कर्जाचा रकाना

खिडकीतल्या बाईंनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"दोन्हींवर अक्षर एकच?"

"मीच भरलेत," ती म्हणाली. "यांचाही."

"घटस्फोट संमतीने असला तरी मालमत्ता आणि कर्ज ज्याचं त्यानेच लिहायचं, बाई. हा घ्या कोरा."

बावीस वर्षांत नवऱ्याने एकही कागद स्वतः भरला नव्हता. विम्यापासून वीजजोडणीपर्यंत सगळं ती भरायची. ती बोट ठेवेल तिथे तो डोळे मिटून सही ठोकायचा. शिलाई मशीनचा बारीकातला बारीक स्क्रू लीलया फिरवणारा हात पेन धरला की अवघडायचा. दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीचं दुकान बुडालं, आणि शरमेने की कशाने, त्याने तिच्याशी बोलणंच टाकलं. कडाकडा भांडला असता तरी तिला चाललं असतं. शेवटी वकिलाचा खर्च नको म्हणून हे अर्जही तीच घेऊन आली.

आता तो बाकावर बसून तिने त्याच्यासाठी भरलेला अर्ज उतरवून काढत होता. ओठ हलवत, एकेक ओळ वाचत. कर्जाच्या रकान्यात नुसती रेघ दिसली तसा तो थांबला. त्याने तिचा अर्ज ओढून घेतला.

"दुकानाचं कर्ज तुझ्याकडे कसं?"

"मला पगार आहे. आणि सही माझीही आहेच त्यावर."

"दुकान माझं होतं."

"अहो, राहू द्या ना. तेवढं तरी."

तेवढं तरी काय, ते तिला सांगता आलं नाही. दर महिन्याला हप्ता भरताना त्याचं नाव लिहावं लागलं असतं, एवढाच तिचा लोभ होता.

त्याने स्वतःच्या अर्जात आकडा लिहिला, सावकाश, शेवटच्या शून्यापर्यंत.

खिडकीतल्या बाई वैतागल्या. "एकच कर्ज दोघांकडे? वाद नाही म्हणून लिहून दिलंय ना?"

"वाद नाही. तिचं खोडा."

"ते त्यांनाच खोडावं लागेल."

तो वळला. दोन वर्षांत पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता.

"खूप ओढलंस माझ्यासाठी. आता एवढं मला करू दे."

हा माणूस याच आवाजात तेव्हा बोलला असता, तर ती इथवर आलीच नसती. मागे रांग खोळंबली होती. तिने पेन घेतलं, आकड्यावर रेघ मारली, बाजूला छोटी सही केली आणि खाली लिहिलं : काही नाही.