सात दिवस पाणी

मी हट्टी आहे, मान्य. कामात कुणाची लुडबुड चालवून घेत नाही, म्हणून तर तीस वर्षं लोक मला शोधत येतात. लोकांचे ओटे केले, जिने केले, गच्च्या केल्या. घरच्या दारातल्या पायऱ्या मात्र फुटक्याच. बायको म्हणायची, "अहो, एखादा दिवस आम्हालाही गिऱ्हाईक समजा की!" मी आपलं 'बघू, बघू' करत राहिलो.

मग तिला झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. दवाखान्यातून ती बहिणीकडे गेली, कारण आमच्या तीन पायऱ्यांवर चाकाची खुर्ची चढणार कशी? मी त्याच दिवशी पायऱ्या फोडल्या आणि फाटकापासून उंबऱ्यापर्यंत काँक्रीटचा उतार घातला, कडेला कठडा बांधला. इतकं जीव ओतून काम मी कुणाच्या बंगल्यालाही केलं नव्हतं. वर ओली गोणपाटं अंथरली, दर दोन तासांनी पाणी मारलं. मांजर जवळ आलं तरी झारी घेऊन धावायचो.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "अहो, मला घरी न्या ना."

"सात दिवस पाणी मारायचंय. चार दिवस कळ काढ."

"ताई फार करते हो माझं. पण इथं झोपच लागत नाही."

"गवंड्याची बायको ना तू? तुला वेगळं सांगायला हवं?"

ती हसली. "बरं बाबा, तुमचं काँक्रीट आधी."

मुलगा मध्ये पडला. "बाबा, मी उचलून आणतो आईला."

"उचलून आणायला ती काय सिमेंटची गोणी आहे?" मी खेकसलो. "माझी बायको तिच्या दारातून थाटात येईल!"

आता लपवून काय करू? खुर्ची तिसऱ्या दिवशीही सहज गेली असती. गिऱ्हाइकांना मीच सांगतो, पाणी सात दिवस मारा, पण चालायला तिसऱ्या दिवसापासून हरकत नाही. घरच्या कामावर मात्र मला चाकाचा ओरखडासुद्धा नको होता. तिला दाखवायचं होतं, इतकी वर्षं थांबलीस ना, आता बघ. कसली मेली हौस ती!

सहाव्या दिवशी सकाळी तिला दुसरा झटका आला.

दोन आठवड्यांनी तिला घरी आणलं. उतार दगडासारखा झाला होता, एक चीर नव्हती. खुर्ची मीच ढकलत होतो. मध्येच तिनं हात वर करून थांबवलं आणि उजव्या हातानं कठडा चाचपला.

"छान केलंय हो काम, मिस्त्री," ती माझ्याकडे बघून परक्याशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली. "कुणाचं घर हे?"

मुलगा म्हणाला, "आई, आपलंच आहे."

"छे! आमच्या दारात पायऱ्या आहेत. फुटक्या." तिनं पदर सावरला. "मला इथं नका ठेवू. आमचे हे न्यायला येणार आहेत. चार दिवस थांब म्हणालेत."